फ्रेडरिक्सबर्ग की न्यू ब्राउनफेल्स: टेक्सासमधल्या जर्मन खुणा एका दिवसात बघायच्या तर

ऑस्टिन किंवा सॅन अँटोनियोच्या मराठी घरात भारतातून आई-बाबा आले की अलामो आणि रिव्हरवॉक पहिल्या दोन शनिवारांतच उरकतात. तिसऱ्या शनिवारी विषय निघतो तो जर्मन गावांचा. एकच दिवस हाताशी आहे, मग फ्रेडरिक्सबर्गला जायचं की न्यू ब्राउनफेल्सला? दोन्ही नावं सगळ्यांच्या कानावरून गेलेली असतात, दोन्हीकडे सॉसेज आणि बिअर मिळते हेही माहीत असतं, म्हणून ते सोडून देतो. १८४० च्या दशकात इथे आलेल्या जर्मन माणसांची घरं, चर्च, कागदपत्रं आणि स्मारकं सूर्य मावळायच्या आत नीट बघून व्हायला हवीत, आणि बरोबरच्या वडीलधाऱ्यांचे हालही व्हायला नकोत. इथे विचार आहे तो तेवढ्यासाठीच.

दोन्ही गावं एकाच मंडळाची लेकरं. १८४२ साली ऱ्हाइनकाठच्या बीब्रिखमध्ये काही जर्मन सरदार-उमरावांनी टेक्सासमध्ये वसाहत करण्यासाठी एक मंडळ काढलं. ‘आडेल्सफेराइन’ म्हणजे उमरावांचं मंडळ, हे त्याचं रुळलेलं नाव. पुढच्या काही वर्षांत या मंडळाने सात हजारांवर माणसं टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरवली. पहिला मुख्याधिकारी प्रिन्स कार्ल झोल्म्स-ब्राउनफेल्स याने कोमाल झऱ्यांजवळची जमीन १,१११ डॉलरना घेतली, आणि २१ मार्च १८४५ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, पहिल्या गाड्या तिथे पोचल्या. ते न्यू ब्राउनफेल्स. झोल्म्स दोनच महिन्यांत परत गेला. त्याच्या जागी आलेल्या मॉयजेबाखने जर्मनीतली उमरावकी बाजूला ठेवून जॉन हे साधं नाव घेतलं आणि पुढचं गाव वसवलं. ८ मे १८४६ ला १२० माणसांची पहिली तुकडी न्यू ब्राउनफेल्सहून निघून तिथे पोचली. ते फ्रेडरिक्सबर्ग.

त्या वर्षीची किनाऱ्यावरची हकिगत माहीत असेल तर दोन्ही गावांतली थडगी वेगळ्या नजरेने बघितली जातात. मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं, बैलगाड्या लष्कराने उचलल्या आणि बोटींतून उतरलेली माणसं इंडियनोलाच्या किनाऱ्यावर तंबूंत अडकली. आजारपणाने शेकडो गेली. उरलेली चालत निघाली, त्यांतलीही बरीच वाटेत गेली. न्यू ब्राउनफेल्समध्ये आधी अनाथांची सोय करावी लागली ती यामुळेच.

इथवर दोन्ही गावांची गोष्ट एक. वाट फुटते ती १८६१ मध्ये. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या इतर दक्षिणी राज्यांबरोबर टेक्सासनेही अमेरिकेतून फुटून निघावं का, यावर फेब्रुवारीत मतदान झालं. न्यू ब्राउनफेल्सच्या कोमाल काउंटीने फुटावं असा कौल दिला, फ्रेडरिक्सबर्गच्या गिलेस्पी काउंटीने प्रचंड बहुमताने नको म्हटलं. जर्मन म्हणजे सगळे गुलामगिरीविरोधी असं सरसकट सांगितलं जातं, ते खरं नाही. खुद्द आडेल्सफेराइनच्या मालकीच्या नासाऊ नावाच्या मळ्यावर गुलाम राबत होते. दोन गावांतला हा फरक मनात असला की स्मारकांवरचे शब्द नीट वाचता येतात.

आधी न्यू ब्राउनफेल्स, कारण थोरलं तेच. टेकडीवरचं सोफियनबर्ग संग्रहालय ही इथली सर्वांत भरीव जागा. झोल्म्सने इथे आपल्या वाग्दत्त वधूच्या, सोफीच्या, नावाने गढी बांधायचं ठरवलं होतं. गढी झालीच नाही. मंडळाच्या कारभारासाठी लाकडी ओंडक्यांची एक इमारत उभी राहिली, तीही १८८६ च्या वादळात गेली. सोफी टेक्सासला कधी आली नाही. आज त्या जागी १९३३ मध्ये सुरू झालेलं संग्रहालय आहे आणि त्याच्या जोडीला दफ्तरखाना आहे. कुणाला मूळ नोंदी, जुनी छायाचित्रं किंवा जर्मन वर्तमानपत्राच्या फायली बघायच्या असतील तर वाद नको, सरळ इकडेच यावं. ‘नॉय-ब्राउनफेल्सर त्साइटुंग’ हे इथलं पत्र १८५२ मध्ये निघालं आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्मनमधून छापलं जात होतं. परक्या भाषेच्या मुलखात एका छोट्या गावाने आपल्या भाषेतलं पत्र शंभर वर्षं चालवलं, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

त्या पत्राचा पहिला संपादक फर्डिनांड लिंडहायमर. तो वनस्पती गोळा करणारा माणूस. टेक्सासच्या वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात आणि कितीतरी झाडांच्या शास्त्रीय नावात ‘लिंडहायमरी’ आलेलं आहे. आपल्याकडच्या रोपवाटिकांतही गौरा नावाने मिळणारं, फुलपाखरासारख्या पांढऱ्या-गुलाबी फुलांचं रोप त्याच्याच नावाचं. या जागी वसाहत करावी हे झोल्म्सला सुचवणाऱ्यांतही तो होता. झऱ्यांची माहिती त्याला आधीपासून होती. त्याचं १८५२ चं घर कोमाल ॲव्हेन्यूवर, नदीच्या अंगाला, आपल्या मूळ जागी आहे.

हे घर बघताना रस्त्यावरून फोटो काढून पुढे जाऊ नका, भिंतीजवळ उभे राहा. याला फाखवेर्क म्हणतात. तासलेल्या लाकडाचा सांगाडा आधी उभा करायचा, खाचेत कुसू बसवून लाकडी खुंटीने सांधा पक्का करायचा आणि मग मधले चौकोन भरून काढायचे. पुण्या-सासवडच्या जुन्या वाड्यांत खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधे विटा-माती असते, त्याच जातीचं हे काम. फरक तिरक्या लाकडात. वाड्यात ते सहसा दिसत नाही, इथे कोपऱ्यांजवळ तिरका टेकू घालतात, त्यामुळे सांगाडा एका अंगाला कलत नाही. छपराचा भार लाकूड पेलतं, मधलं भरण फक्त स्वतःचं वजन वाहतं. जर्मनीत भरण बहुधा मातीचं किंवा विटांचं असे. इथे हाताशी चुनखडीचा दगड मुबलक, म्हणून तो चुन्यात बसवला. वरून चुन्याचा गिलावा करायची रीत होती, त्यामुळे आज जे लाकूड उघडं दिसतं ते नेहमीच उघडं होतं असं समजू नये. अशा घरांची नासाडी बहुतेक वेळा पावसापेक्षा चुकीच्या डागडुजीने होते. चुन्याच्या जागी सिमेंट थापलं की भिंतीतला ओलावा बाहेर पडायला वाट राहत नाही. तो लाकडात मुरतो आणि खालची आडवी तुळई आधी कुजते. म्हणून कुठल्याही फाखवेर्क घरात नजर आधी जमिनीलगतच्या लाकडाकडे टाकावी, घराची तब्येत तिथेच कळते.

याखेरीज लांडा पार्क आहे. झरे तिथेच उगम पावतात, थोराड ओक झाडांची सावली आहे, मुलांसाठी छोटी आगगाडी आहे आणि जर्मन वसाहतकऱ्यांचं १९३८ चं शिल्पस्मारकही त्याच बागेत आहे. गाव इथे का वसलं याचं उत्तर संग्रहालयापेक्षा इथे लवकर मिळतं, कारण ते पाणी डोळ्यांसमोर असतं. हे झरे १९५६ च्या दुष्काळात काही महिने पूर्ण आटले होते. दुष्काळी सालात गेलात तर धार बारीक दिसेल. मुख्य चौकापासून चारेक मैलांवर ग्रीन आहे. स्पेलिंग (Gruene) बघून ‘ग्रुएन’ म्हणू नका, स्थानिक माणूस ग्रीनच म्हणतो. कापसावर उभं राहिलेलं आणि बोंडअळी व मंदीने बसलेलं हे गाव. १८७८ चं ग्रीन हॉल हे नाचघर अजून चालू आहे, वातानुकूलन नाही, जुना लाकडी थाट तसाच आहे.

एवढं सगळं असून न्यू ब्राउनफेल्सच्या दिवसाला एक गोष्ट नडते, आणि माझा निर्णय तिच्यावरच झाला. ती म्हणजे कुलूप.

इथल्या खुणा विखुरलेल्या आहेत. सोफियनबर्ग टेकडीवर, लिंडहायमरचं घर नदीकडे, हलवून आणलेल्या जुन्या घरांचं आवार चर्च हिलच्या बाजूला, हाताने घडवलेल्या फर्निचरचं संग्रहालय असलेलं १८५८ चं घर त्याच्याजवळच पण वेगळ्या आवारात, ग्रीन त्याहून लांब. प्रत्येकाचं दार वेगळं, वार वेगळे, तास वेगळे. छोटी घरं स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. आतलं लाकूड आणि सामान नाजूक, त्यामुळे माणूस बरोबर दिल्याशिवाय आत सोडता येत नाही. हे सगळं समजण्यासारखं आहे आणि जे लोक हे टिकवतात त्यांचे उपकारच मानायला हवेत. पण एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्याच्या वाट्याला काय येतं, तर दहाला सोफियनबर्ग, साडेअकराला बाहेर, मग नदीकडच्या घराचं दार बंद म्हणून कुंपणापलीकडून दर्शन. चर्च हिलला पोचेपर्यंत पुढची फेरी अर्ध्या-पाऊण तासाने, ती संपेस्तोवर दोन वाजलेले, आणि जेवायला परत चौकात. या हिशेबात गाडीत पाच वेळा चढ-उतार होते. गुडघे दुखणाऱ्या आईला दर वेळी तापलेल्या सीटवर बसवून पट्टा लावायचा, पाच मिनिटांत पुन्हा उतरवायचं. संध्याकाळी ‘काय पाहिलं?’ विचारलं तर तिच्या लक्षात राहतात ती पार्किंगची आवारं. मेच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत नदीत टायरवर तरंगायला येणाऱ्यांची गर्दी, तिचीच वाहनं पुलांवर आणि ग्रीनच्या रस्त्यावर. त्यात आय-३५ महामार्गावर काही झालं असलं तर घरून निघतानाच तास गेलेला असतो.

दारं उघडी मिळावीत म्हणून आधी फोन करून, वारांची सांगड घालून जाता येतं. मंगळवार ते शनिवार यांतला दिवस धरावा आणि दफ्तरखान्यात काम असेल तर आधी कळवावं. ज्यांना एवढं करायची हौस आहे त्यांच्यासाठी न्यू ब्राउनफेल्स कदाचित अधिक खोल आहे, हे मान्य करायला हवं. पण बहुतेकांचा शनिवार असा नसतो.

आता फ्रेडरिक्सबर्ग. इथे गाडी एकदाच लावायची. मुख्य रस्ता हाच २९० क्रमांकाचा महामार्ग असल्याने त्यावर जागा शोधत फिरू नका. समांतर असलेल्या ऑस्टिन स्ट्रीटवर किंवा सॅन अँटोनियो स्ट्रीटवर लावा. रस्ते लक्षात ठेवायची युक्ती गावानेच करून ठेवली आहे. न्यायालयाच्या चौकापासून पूर्वेकडे आडव्या रस्त्यांची आद्याक्षरं क्रमाने घेतली की ‘ऑल वेलकम’ होतं आणि पश्चिमेकडे ‘कम बॅक’. ॲडम्स, लानो, लिंकन, वॉशिंग्टन ओलांडत गेलात म्हणजे तुम्ही पूर्वेला, दुकानांच्या गर्दीत चालला आहात. क्रॉकेट, ऑरेंज, मायलम लागले म्हणजे पश्चिमेला, जुन्या घरांकडे. ज्यांना खुणा बघायच्या आहेत त्यांनी आधी पश्चिम धरावी.

सुरुवात मार्क्टप्लाट्झ या चौकातून. मधोमध आठकोनी इमारत दिसते ती फेराइन्स किर्खे, म्हणजे मंडळाचं चर्च. गावकरी तिला कॉफी दळायची चक्की म्हणत, आकार तसाच आहे. सगळ्या पंथांचं एकच चर्च, शाळा, सभागृह आणि वेळ पडली तर आसरा, अशी सगळी कामं ही एक इमारत करत असे. इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे: ही मूळ इमारत नाही. मूळ वास्तू १८४७ ची, मुख्य रस्त्याच्या मधोमध उभी होती. गावाचा पन्नासावा वाढदिवस साजरा झाला आणि पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, ती पाडली. आज दिसते ती १९३५-३६ मध्ये टेक्सासच्या शताब्दीच्या सुमारास बांधलेली प्रतिकृती, तीही बाजूच्या चौकात सरकवलेली. अस्सलपणावर गुण द्यायचे तर इथे न्यू ब्राउनफेल्सचं लिंडहायमरचं घर सरळ पुढे जातं. तरी ही प्रतिकृती मला खोटी वाटत नाही. एका पिढीने पाडलेलं, पुढच्या पिढीला चाळीस वर्षांनी पुन्हा उभारावंसं वाटलं, म्हणजे ती स्वतःच एक स्मारक झाली. आत मंडळाचा आणि गावाचा इतिहास थोडक्यात मांडलेला आहे. वीस मिनिटं पुरतात, पण आधी हे बघितलं की पुढच्या घरांचा संदर्भ लागतो.

चौकातच मॉयजेबाख आणि कमांची सरदारांच्या तहाचं कांस्यशिल्प आहे. १८४७ च्या मार्चमध्ये सॅन साबा नदीवर बोलणी झाली आणि मे महिन्यात फ्रेडरिक्सबर्गमध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. जर्मनांना कमांची मुलखात वस्ती आणि मोजणी करू द्यायची, कमांचींना गावात मोकळेपणी यायला मिळायचं आणि त्यांना ३,००० डॉलरच्या भेटवस्तू द्यायच्या, असा व्यवहार. हा तह मोडला नाही याचा गावाला अभिमान आहे. त्याबरोबर हेही लक्षात असू द्यावं की १८७५ पर्यंत शेवटच्या कमांची टोळ्यांना आजच्या ओक्लाहोमातल्या राखीव मुलखात जावं लागलं. तह एका गावाशी होता आणि मुलूख घेणारे पुष्कळ होते.

चौकातून पश्चिमेला दोन-तीन आडवे रस्ते ओलांडले की पायोनियर म्युझियम. दिवसातला सर्वांत मोठा तुकडा इथे द्या, दोन तास सहज जातात. साडेतीन एकरांच्या एकाच आवारात, एका तिकिटात, कम्लाह घर, फासेल-रोडर घर, ओंडक्यांची केबिन, रविवारचं घर आणि छोटी शाळा, सगळं पायी बघून होतं. यातली काही इमारती हलवून आणलेल्या आहेत, पण १८४९ चं कम्लाह घर आपल्या जागेवरच आहे. समोरची खोली फाखवेर्कची, आणि कुटुंब वाढलं तसतशा मागे दगडी खोल्या जोडत नेलेल्या. पुढून मागे चालत गेलं की एका घराची पन्नासेक वर्षं पायाखालून जातात. कम्लाह कुटुंबाने याच घरात बरीच वर्षं दुकानही चालवलं. उंबरे उंच आणि दारं ठेंगणी आहेत, उंच माणसाने डोकं सांभाळावं आणि काठी घेऊन चालणाऱ्याला उंबऱ्याशी हात द्यावा.

रविवारचं घर ही खास इथली चीज, तिच्याशी थांबा. शेत दहा-पंधरा मैलांवर, बैलगाडी किंवा घोडागाडीने यायला निम्मा दिवस. म्हणून शेतकरी गावात चर्चजवळ एक चिमुकलं घर बांधून ठेवायचा. शनिवारी बाजारहाट, रात्री मुक्काम, रविवारी प्रार्थना, दुपारनंतर परत. तालुक्याच्या गावी बाजारासाठी एक खोली धरून ठेवावी तसंच. खाली एखादी-दुसरी खोली, वर माळा आणि माळ्याला जिना बाहेरून. जिना आत घेतला तर तेवढ्या घरात चूल आणि पलंग मावले नसते, आणि बाहेरून असला म्हणजे पोरांना मोठ्यांची झोप न मोडता वर जाता येतं. आवारातलं वेबर घर १९०४ चं आहे. मोटारी आल्या आणि या घरांची गरज संपली. गावात अशी अजून कितीतरी घरं उभी आहेत, बाहेरचा जिना दिसला की ओळखावीत.

तिथून एक रस्ता दक्षिणेला सेंट मेरीजची दोन चर्च शेजारी-शेजारी आहेत. जुनं मारियनकिर्खे १८६० च्या दशकातलं, दगडी आणि साधं. नवं १९०८ चं, आतून रंगवलेल्या चर्चपैकी एक, छत आणि कमानी नक्षीने भरलेल्या. शनिवारी दुपारी लग्नं असतात, त्यामुळे हे बारा वाजायच्या आत उरका. एरवी आत शांतपणे जाता येतं.

थडगी बघण्यात कुणाला रस असेल तर डेर श्टाट फ्रीडहोफ, गावाची १८४६ पासूनची दफनभूमी, पूर्वेला थोडी लांब आहे. जर्मन येत नसलं तरी दोन संक्षेप पुरतात: ‘गेब.’ म्हणजे जन्म आणि ‘गेस्ट.’ म्हणजे मृत्यू. तारखा आपल्यासारख्या, आधी दिवस आणि मग महिना. त्या अमेरिकन पद्धतीने वाचल्या की घोटाळा होतो. लहान मुलांची थडगी किती आहेत हे मोजायला लागलात तर पुढे वाचवत नाही.

फ्रेडरिक्सबर्गचे दोष लपवण्यात अर्थ नाही. मुख्य रस्त्यावर वाइन चाखायची दालनं आणि सजावटीची दुकानं इतकी झाली आहेत की दुपारी दोननंतर जुने दर्शनी भाग माणसांच्या खांद्यांवरूनच दिसतात. महामार्ग गावातून जात असल्याने ट्रकचा आवाज थांबत नाही, दर्शनी भागाचा व्हिडिओ काढलात तर तोच ऐकू येईल. आणखी एक धोका निमिट्झ संग्रहालयाचा. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या अमेरिकन आरमाराचा सेनापती ॲडमिरल निमिट्झ इथलाच, १८८५ मध्ये जन्मलेला, जर्मन स्थलांतरिताचा नातू. आजोबांचं जहाजाच्या आकाराचं हॉटेल ही बघण्याजोगी जर्मन खूण आहे, पण त्याला जोडलेलं प्रशांत महासागरातल्या युद्धाचं संग्रहालय प्रचंड आहे. बाबा आत शिरले की तीन तास गेले. जर्मन खुणांचा दिवस असेल तर हॉटेलचं दर्शन बाहेरून घ्या आणि युद्धासाठी वेगळा दिवस ठेवा.

शाकाहाऱ्यांसाठी एक सूचना दोन्ही गावांना लागू. जर्मन पद्धतीच्या गरम बटाटा सॅलडमध्ये बेकन जवळजवळ ठरलेलं असतं. तांबडा कोबी आणि सावरक्राउटही पुष्कळदा बेकनच्या चरबीत शिजवतात. ‘मांस नाही ना’ असं विचारलं तर ‘नाही’ उत्तर येतं, म्हणून ‘बेकन किंवा चरबी आहे का’ असंच विचारा. बटाट्याची थालीपीठं, श्पेट्झले (अंडं घातलेल्या शेवया) आणि प्रेत्झेल यांवर निभावतं, तरी डब्यात दशम्या असाव्यात. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत गेलात तर स्टोनवॉलच्या रस्त्यालगतच्या टपऱ्यांवर पीच घ्यायला विसरू नका. बीपासून सहज सुटणारा ‘फ्रीस्टोन’ पीच मागा, लवकरच्या हंगामात बहुतेक चिकट बीचाच मिळतो.

ऑस्टिनहून येणाऱ्यांना याच २९० वर, स्टोनवॉलजवळ, सावर-बेकमन शेत लागतं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या नावाच्या राज्य उद्यानात ते आहे आणि प्रवेशाला पैसे नाहीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं जर्मन-टेक्सन शेत जसं चालायचं तसं ते रोज चालवतात: दूध काढणं, चुलीवर स्वयंपाक, लोणची-मुरंबे भरणं, हंगामात सॉसेज करणं. सावर कुटुंबातली एक मुलगी जॉन्सन यांच्या जन्माच्या वेळी सुईण होती. खेड्यात वाढलेल्या आजी-आजोबांना संग्रहालयातल्या काचेपेक्षा इथला गोठा जास्त बोलका वाटतो, चुलीपाशी उभ्या बाईशी त्यांच्या खाणाखुणांनी गप्पा सुरू होतात. एक तास धरून ठेवा आणि इथे सकाळीच या, कामं सकाळची असतात.

वेळेचं म्हणाल तर मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ब्लूबॉनेटच्या फुलांमुळे २९० भरलेला असतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला फ्रेडरिक्सबर्गचा ऑक्टोबरफेस्ट, नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू ब्राउनफेल्सचा वुर्स्टफेस्ट. जत्रा म्हणून दोन्ही छान, पण जुनी घरं बघायला त्या शनिवारी जाऊ नये. जानेवारी-फेब्रुवारीतला कोरडा, उन्हाचा शनिवार मला सर्वांत सोयीचा वाटतो.

तर लहान मुलं आणि फक्त अर्धा दिवस असेल, कुळाचा शोध घ्यायचा असेल किंवा लिंडहायमरच्या झाडांची ओढ असेल, तर न्यू ब्राउनफेल्स. पूर्ण दिवस, वडीलधारी माणसं आणि आधी फोनाफोनी करायची तयारी नसेल, तर माझा कल फ्रेडरिक्सबर्गकडे आहे. आणि हा कल पक्का करणारी आणखी एक गोष्ट रस्त्यातच आहे.

सॅन अँटोनियोहून फ्रेडरिक्सबर्गला आय-१० ने निघालं की पन्नासेक मैलांवर कम्फर्ट येतं, तिथून ८७ क्रमांकाचा रस्ता उत्तरेला वळतो. ऑस्टिनकरांना फ्रेडरिक्सबर्गहून जाऊन-येऊन तासाभराची जास्तीची वाट पडते, ती पडू द्यावी. कम्फर्ट १८५४ मध्ये आखलं गेलं. वसवणाऱ्यांत स्वतःला मुक्तविचारी म्हणवणारे बरेच, त्यामुळे पहिली काही दशकं गावात चर्चच नव्हतं. हाय स्ट्रीटवर चुनखडीचा एक चौकोनी, वर निमुळता होत गेलेला स्तंभ आहे. एका बाजूला तीन शब्द: ‘ट्रॉये देअर उनियोन’, म्हणजे संघराज्याशी निष्ठा. १८६२ च्या उन्हाळ्यात दक्षिणेच्या सैन्यात जायचं नाकारून साठेक जर्मन माणसं मेक्सिकोकडे निघाली होती. १० ऑगस्टच्या पहाटे नुएसेस नदीकाठच्या तळावर दक्षिणेच्या सैन्याने त्यांना गाठलं. प्रेतं तशीच पडून राहिली. युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये आप्तांनी जाऊन हाडं गोळा करून आणली आणि इथे पुरली. वर्षभराने, १० ऑगस्ट १८६६ ला, स्तंभ उभा राहिला. बाकीच्या बाजूंवर नावं आहेत, गट पाडून: नुएसेसवर पडलेले, ऑक्टोबरमध्ये रिओ ग्रांदेवर पडलेले, आणि तिसऱ्या गटाच्या डोक्यावर ‘गेफांगन गेनोमेन उंड एरमोर्डेट’. पकडून खून केलेले. दक्षिणेत, हरलेल्या शेजाऱ्यांच्या देखत, पहिल्याच वर्षी दगडावर ‘खून’ हा शब्द कोरायचा म्हणजे कुणी घाबरून शब्द सौम्य केला नाही. ही नावं वाचल्यावर १८६१ च्या मतदानाचा कौल नुसता कौल राहत नाही.

इथे तिकीट नाही, वेळ नाही आणि कुलूपही नाही. वीस मिनिटं पुरतात. स्तंभाजवळचा झेंडा कायम अर्ध्यावर असतो. मुलं बरोबर असतील तर त्यांना त्यावरचे तारे मोजायला सांगा. पन्नास नाहीत, ३६ आहेत, १८६६ मध्ये राज्यं तेवढीच होती. वारा पडलेला असेल तर झेंडा उलगडेपर्यंत थोडं थांबावं लागतं.